हस्तर रूपक, मग कणकेची बाहुली काय?

नाशिकमध्ये सिनेमाच्या गप्पा 'तुंबाड'वर (२०१८) आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यात सगळं रूपकच आहे." सगळं नाही. अद्भुत चित्रपटांत रूपक आणि प्रतीक शेजारी नांदतात, पण त्यांची कामं वेगळी असतात.

हस्तर हे रूपक. त्याची जन्मकथाच बघा. समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा. त्याला सोनं हवं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याला हात घालताच बाकीचे देव तुटून पडले, आईनं पोटात घेऊन वाचवलं. तेव्हापासून तो सोनं बाळगून आहे आणि कायमचा उपाशी. लोभाचं एकेक लक्षण कथेच्या एकेका सांध्याशी जुळतं. असं अथपासून इतिपर्यंत जुळलं की ते रूपक.

कणकेच्या बाहुलीचं तसं नाही. सुरुवातीला ती निव्वळ आमिष आहे. हस्तर पिठावर झडप घालतो, तेवढ्यात चित्रपटाचा नायक विनायक त्याच्या लंगोटातल्या मोहरा पाडून घेतो. तिथे थांबून अर्थ शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पुढे हाव वाढते, एका बाहुलीवर भागत नाही, आणि शेवटी विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो. सोनं ओरबाडणाराच आमिष झाला! हा अर्थ पहिल्या बाहुलीत नव्हता, प्रसंगागणिक साठत गेला. प्रतीक असं घडतं, आणि मला ते रूपकापेक्षा अवघड काम वाटतं.

प्रतीकाचा अर्थ आधीपासून ठरलेलाही नसतो. 'तुंबाड'मधला न थांबणारा पाऊस शापासारखा अंगावर येतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला फेब्रुवारीतला पाऊस तसाच वाटेल, जूनमधला नाही.

आणखी एक गल्लत होते. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) नाशिकच्याच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. आज गोदावरी पाणवेलींनी भरलेली बघून कुणी म्हणेल, कालिया म्हणजे नदीचं प्रदूषण. म्हणू द्या, पटण्यासारखं आहे. पण हे चित्रपटातलं रूपकही नव्हे नि प्रतीकही नव्हे. तो अर्थ आजच्या नदीकाठच्या प्रेक्षकानं लावलेला आहे.