शिशाची गोळी, नळीचं माप आणि नेम

१८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते. चरबी गाईची की डुकराची, या प्रश्नाने तेव्हा केवढा भडका उडाला हे वेगळं सांगायला नको. पण मुळात काडतुसाला चरबी लागत कशाला होती? एन्फिल्ड रायफलच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि गोळीचा ०.५६८ इंच. गोळी तोंडाकडून गजाने आत सारायची असल्यामुळे ती मुद्दाम सैल ठेवलेली असे. बार उडाला की मागून येणाऱ्या दाबाने मऊ शिसं फुगायचं, नळीतल्या पीळदार खाचांत रुतायचं आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडायची. दारूची काजळी नळीत कडक होऊन बसली, तर पुढची गोळी आतच जाणार नाही. ती काजळी मऊ राहावी म्हणून वंगण.

मऊ शिसं, दाबाने फुगणं आणि वंगण या तिन्ही गोष्टी आजही जिवंत आहेत त्या अमेरिकेतल्या घरगुती ओतकामात. तिथे पिस्तुलाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी साच्यात ओतणं हा जुना, कायद्यात बसणारा छंद आहे. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे.) या मंडळींचं दुखणं ठरलेलं असतं: नेम पसरतो आणि नळीला आतून शिसं धरतं. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘गोळी आणखी कडक करा’. हा सल्ला बऱ्याचदा नेमका उलटा पडतो, आणि त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे.

धातूची कडकी ब्रिनेल अंकात मोजतात. शुद्ध शिशाचा अंक साधारण ५. मोटारीच्या चाकांना समतोलासाठी लावायच्या जुन्या शिशाच्या वजनांचा १२ च्या आसपास. लायनोटाइप, म्हणजे छापखान्यात ओळीच्या ओळी ओतायला वापरायचे तो मिश्रधातू, थेट २२ च्या घरात. त्यात ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. आपल्याकडचे छपाईचे खिळेही याच घराण्यातले. अमेरिकेत छापखाने बंद पडत गेले, तसा तो धातू या छांदिष्टांनी भंगारातून भराभर उचलला.

आता गंमत पाहा. ब्रिनेलचा एक अंक म्हणजे चौरस मिलिमीटरला एक किलो, अर्थात चौरस इंचाला सुमारे १,४२२ पौंड. त्या हिशेबाने १२ अंकाची गोळी साधारण १७,००० पौंडांच्या दाबाला दबू लागते. हा ढोबळ आडाखा आहे, पण उपयोगाचा. पॉइंट ३८ स्पेशल या नेहमीच्या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादाच १७,००० पौंड आहे, आणि निशाणेबाजीसाठी भरलेली काडतुसं त्याच्याही बरीच खाली असतात. अशा काडतुसात लायनोटाइपची २२ अंकाची गोळी बसवली, तर ती फुगणारच नाही. गोळी आणि नळी यांच्यात बारीकशी फट असेल तर ती तशीच राहते, आणि त्या फटीतून तापलेला वायू सुसाट पुढे निसटतो. तो गोळीच्या कडेचं शिसं कापून, वितळवून नळीला फासतो. पुढची गोळी त्या खडबडीत थरावरून घासत जाते आणि नेम गेलाच म्हणून समजा. शिसं धरतं ते गोळी मऊ आहे म्हणून, असं वाटत राहतं. प्रत्यक्षात ती सैल असते.

म्हणून पहिलं काम मापाचं. शुद्ध शिशाचा एक तुकडा तेल लावून नळीतून हलकेच पार ठोकतात. त्याच्यावर खाचांचा हुबेहूब ठसा उमटतो आणि तो मायक्रोमीटरने मोजतात. गोळी या मापापेक्षा इंचाचा एक हजारांश भाग मोठी हवी, असा प्रघात आहे. हे अंतर म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा! रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक मेख आहे. गोळी नळीत शिरण्याआधी फिरत्या चक्रातल्या घराच्या तोंडातून जाते. ते तोंड नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असेल, तर कितीही नीट मापाची गोळी तिथेच चेपून बारीक होते आणि पुढे नळीत सैल पडते. इथे गोळी कितीही मोठी ओतली तरी उपयोग नाही, ते तोंडच रुंद करून घ्यावं लागतं.

मापानंतर महत्त्वाची गोळीची बैठक, म्हणजे तिचा सपाट तळ. फ्रँकलिन मॅन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गोळ्यांच्या उड्डाणावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९०९ मध्ये ते प्रसिद्ध केले. हाताचा थरथराट मध्ये येऊ नये म्हणून त्याने बंदूक काँक्रीटच्या खांबावर टेकवली होती. त्याने काही गोळ्यांची टोकं मुद्दाम बिघडवली, काहींचे तळ. टोक बिघडलं तरी नेम फारसा हलला नाही. तळाची कड जराशी कापली, की गोळ्या भलतीकडे जाऊ लागल्या. कारण नळीतून सर्वांत शेवटी बाहेर पडतो तो तळ. त्याची एक बाजू तुटकी असेल तर दाबलेला वायू तिथून क्षणभर आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो.

ओतताना तळाची कड धारदार यायची तर रस साच्याच्या कोपऱ्यात शिरला पाहिजे. थोडं कथील, दोनेक टक्के, शिशाचा पृष्ठताण कमी करून हे काम सोपं करतं. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि कडा गोल येतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी क्षणात वाफ होऊन वितळलेला रस चेहऱ्यावर उडतो. वर जमणाऱ्या राखेची धूळ पोटात गेली तर शिसं शरीरात साठतं, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचे घाव कायमचे असतात. स्वयंपाकघरात हा उद्योग करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

पुष्कळ जण प्रत्येक गोळी काट्यावर तोलून आत पोकळी आहे का ते शोधतात. हिशेब करून पाहू. १०.२ ग्रॅमच्या गोळीत, मध्यापासून ३ मिलिमीटरवर, सुमारे पावणेदोन मिलिमीटरचा बुडबुडा राहिला, तर तिचा गुरुत्वमध्य ०.०१ मिलिमीटर सरकतो. आतल्या पीळदार खाचा ४७६ मिलिमीटरला एक वेढा घेतात अशा नळीतून निघालेली ही गोळी २५ मीटरवर त्यामुळे साधारण ३.३ मिलिमीटर ढळेल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारातल्या अचूकतेच्या फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. तेव्हा पिस्तुलवाल्याने तोलण्यात संध्याकाळ घालवण्याऐवजी भिंग घेऊन तळ तपासावेत. रायफलवाल्याचं गणित वेगळं: २५४ मिलिमीटरला एक वेढा, २०० मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य तेवढाच ढळलेला, तर गोळी जवळजवळ ५ सेंटिमीटर बाजूला जाते. त्याला काट्यापुढे बसावंच लागतं.