पार्श्वभूमी : वाऱ्याच्या वेगाचा आकडा आणि सरासरीचा घोळ

वाऱ्याचा जोर आधी नजरेनेच ठरायचा. १८०५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्याने ० ते १२ अशी श्रेणी आखली. तिची कसोटी वेग नव्हे, तर जहाजावर किती शिडं ठेवता येतील ही होती. १८३८ पासून नौदलाच्या नोंदवहीत ती सक्तीची झाली. वेगाचे आकडे तिला विसाव्या शतकात चिकटले.

१८४६ मध्ये वाऱ्याने फिरणाऱ्या चार वाट्यांचा वेगमापक आला. वाट्या कितीही मोठ्या असोत, दांडी कितीही लांब असो, वारा वाट्यांच्या तिप्पट वेगाने वाहतो हे त्याचं गृहीतक. प्रत्यक्षात हा गुणक मापानुसार बदलतो आणि बहुधा २ ते ३ च्या दरम्यान असतो. त्यामुळे कित्येक वर्षांच्या नोंदी फुगल्या. वाट्या वेग चटकन पकडतात, पण सोडताना रेंगाळतात, त्यामुळे झोतांच्या वाऱ्यात सरासरी आणखी चढते. १९२६ मधल्या तीन वाट्यांच्या रचनेने हा दोष कमी झाला. गेला मात्र नाही.

खरा गुंता सरासरीच्या कालावधीचा. आंतरराष्ट्रीय संकेत १० मिनिटांचा, अमेरिकेत १ मिनिट, भारतात ३ मिनिटं. कालावधी जितका लहान, तितका कमाल आकडा मोठा. १ मिनिटाचा आकडा १० मिनिटांत बदलताना पूर्वी सर्रास ०.८८ ने गुणत. २०१० मध्ये समुद्रावरील वाऱ्यासाठी ०.९३ सुचवला गेला. म्हणजे १०० नॉटचे (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) कुठे ८८, कुठे ९३. त्यात वादळाला वरच्या वर्गात टाकणारा ६४ नॉटचा उंबरठा दोन्ही पद्धतींत तोच ठेवलेला. १ मिनिटाच्या हिशेबात ६६ नॉटचं वादळ तो ओलांडतं, १० मिनिटांच्या हिशेबात ६१ वर अडतं. वादळ एकच, वर्ग दोन! आकड्याशेजारी कालावधी न छापणं ही म्हणूनच किरकोळ चूक नव्हे.

झोत आणखी वेगळा. तो सहसा ३ सेकंदांचा धरतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. आधीचा उच्चांक १९३४ चा, ताशी ३७२ चा. नव्या नोंदीला मान्यता मिळाली थेट २०१० मध्ये. हा आकडा सलग वाऱ्याचा समजून वापरणं साफ चूक आहे.

उंचीचंही तसंच. वेगमापकाची प्रमाण उंची १० मीटर, आणि अडथळ्यापासूनचं अंतर त्याच्या उंचीच्या किमान दहापट. मोकळ्या गवताळ जमिनीवर २ मीटरवरचा वेग १० मीटरवरच्या सुमारे पाऊणपट भरतो.