मालकी हक्काची पडताळणी (घरखरेदी)

घर किंवा भूखंड घेण्यापूर्वी विकणाऱ्याची मालकी आणि जागेची हद्द तपासण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात ही जबाबदारी खरेदीदाराचीच असते. नोंदणी कायदा, १९०८ खाली दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. सातबाऱ्यावरची नोंदसुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, इतकेच. फेरफार (महसुली नोंदीत धारकाचे नाव बदलणे) झाला म्हणजे मालकी मिळाली हा समज न्यायालयांनी अनेकदा खोडला, तरी तो टिकून आहे.

म्हणून वकिलाकडून शोध घेतात. साधारण ३० वर्षांची सूची क्र. २ (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा), जुने फेरफार, वारसनोंदी पाहून आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन तो शोध अहवाल देतो. घोळ बहुधा वारसांत निघतो: हक्कसोडपत्र न झालेली बहीण, नोंद राहून गेलेला भाऊ. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना घाईत वाचला जातो; कुळ आणि बँकेचा बोजा असतात ते तिथेच.

कागद चोख असला तरी जागा कमी भरू शकते. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर पाच गुंठे आणि कुंपणात साडेचार, हे गावोगाव दिसते. हद्द कायम करण्यासाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करतात. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक मोजणी करून खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. अर्ज मालकाच्या नावे लागतो, त्यामुळे मोजणीची अट साठेखतातच (खरेदीखताआधीच्या करारात) घातलेली बरी. फ्लॅट घेणारे इमारतीखालच्या जमिनीची मोजणी क्वचितच मागतात.

शोधातून निसटलेल्या दोषावर मालकी हक्क विमा निघतो. त्याची सुरुवात अमेरिकेत, १८७६ मध्ये फिलाडेल्फियात झाली. हप्ता एकदाच भरायचा आणि संरक्षण भूतकाळातल्या दोषांपासून, ही त्याची उलटी रीत. भारतात स्थावर संपदा कायदा, २०१६ (रेरा) च्या कलम १६ मध्ये विकासकाने जमिनीच्या मालकीचा विमा घेण्याची तरतूद आहे, पण ती राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. कलम १८(२) अधिक कामाचे: मालकी सदोष निघाल्यास विकासकाने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. जुने घर घेणाऱ्याला मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ चा आधार घेऊन विक्रेत्यावर दिवाणी दावा लावावा लागतो.