घरघर की घुमणं? आधी हेडफोन लावून बघा

रेकॉर्ड लावली की गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून जाडसर ‘घुऽऽ’ यायला लागतो. मग आपण टर्नटेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राखाली, काहीबाही सरकवत बसतो: रबर, स्पंज, फरशीचा तुकडा. मीही सरकवलं. नंतर कळलं की आवाज सारखा वाटला तरी आजार दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला आजार घरघरीचा, म्हणजे रंबल. हा कंप टर्नटेबलच्या पोटातलाच, मोटरचा नाहीतर बेअरिंगचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची सिंक्रोनस (विजेच्या ठेक्यावरच फिरणारी) मोटर मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. जुन्या आयडलर चाकाच्या (मोटर आणि थाळी यांच्यामध्ये घासून फिरणाऱ्या चाकाच्या) यंत्रांत तो २५ हर्ट्झचा थरथराट चाकामार्फत सरळ थाळीपर्यंत पोचायचा. पट्ट्यावर फिरणाऱ्या टर्नटेबलात रबरी पट्टाच बराचसा कंप गिळतो. सुईला मात्र खोबणीतला सूर कुठला आणि मोटरची थरथर कुठली, हे कळत नाही. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) तो परत उचलतो: २० हर्ट्झला, १००० हर्ट्झच्या तुलनेत, सुमारे १९ डेसिबल! एवढीशी घरघरही मग फुगून बाहेर येते.

दुसरा आजार घुमण्याचा, म्हणजे फीडबॅक. गणपतीच्या मंडपात कुणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ना, तेच इथे खर्जात होतं. स्पीकरचा आवाज फळीतून, जमिनीतून, हवेतून सुईकडे येतो, सुई तो पुन्हा स्पीकरकडे पाठवते आणि चक्र सुरू होतं. घरघर आवाजाच्या बटणाबरोबर गाण्याइतकीच वाढते. घुमण्याचं तसं नाही. एका टप्प्यापर्यंत ते जाणवतही नाही. तो ओलांडला की बटणाला हात न लावताही चढत जातं.

ओळखायचं कसं? स्पीकर बंद करून हेडफोनवर ऐका. ‘घुऽऽ’ तसाच राहिला तर घरघर, गायब झाला तर घुमणं. (सुई उचलल्यावरही आवाज येत असेल तर दोन्ही नव्हे, तो विजेचा गुणगुणाट, अर्थिंगची तार तपासा.)

घरघरीला खालून काहीही घालून उपयोग नाही, कारण उगम वर आहे. माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच तेल बेअरिंगला द्या, सैल पट्टा बदला, मोटरखालची कडक झालेली रबरं बदला.

घुमण्यावर पहिला उपाय फुकटचा आहे: स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर ठेवू नका. आपल्याकडे हॉलमधल्या प्लायवुडच्या युनिटवर सगळं एकत्र रचायची हौस असते, तिथेच घात होतो. खोलीचा कोपराही टाळा, खर्ज तिथे साचतो. वाजवताना वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ठेवा. ते शिडासारखं आवाज झेलतं.

एवढं करूनही भागलं नाही तर मऊ पाय. पण नुसतं मऊ असून चालत नाही. टर्नटेबलच्या वजनाने स्प्रिंग १ सेंटिमीटर दबली तर तिचा स्वतःचा झोका सुमारे ५ हर्ट्झचा असतो आणि ती कंप अडवते तो साधारण ७ हर्ट्झच्या वरचाच. त्याखाली अडवणं सोडाच, ५ च्या आसपास ती उलट वाढवते. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर कुणी चाललं की जमीन नेमकी अशीच संथ हलते, त्यामुळे स्प्रिंगवरची सुई उडी मारते. तिथे टर्नटेबल जमिनीवरून उचलून जाड भिंतीतल्या कडाप्प्याच्या फळीवर ठेवा. कडाप्पा टिचकी मारल्यावर वाजतो, म्हणून मध्ये रबराचा पातळ तुकडा तेवढा घाला.