हेलन केन: नकलांतून उरलेला आवाज आणि मूळ तबकड्या

हेलन केन हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, पण तिच्या गाण्याची ढब बहुतेकांच्या कानांवरून गेलेली आहे. कधी ती बेटी बूप या व्यंगपटातील पात्राच्या तोंडून आली, तर कधी मेरिलिन मन्रोच्या. ज्या तबकड्यांतून ही ढब जन्मली, त्या मात्र कित्येक दशके संग्राहकांच्या कपाटांतच राहिल्या. जुन्या तबकड्यांची डिजिटल रूपे आता सहज मिळू लागल्यामुळे केनची मूळ गाणी पुन्हा ऐकली जात आहेत, आणि ती ऐकणाऱ्याला पहिली गोष्ट जाणवते ती ही की, नकलांनी तिचा लाडिकपणा उचलला, पण तिचे ताल आणि वेळेचे भान बहुतांशी मागेच राहिले.

तिचा जन्म ४ ऑगस्ट १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका सामान्य जर्मन-आयरिश कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव श्रोडर; केन हे पहिल्या नवऱ्याचे. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ती व्होडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि विनोद यांची सरमिसळ असलेल्या फिरत्या कार्यक्रमांच्या, रंगमंचावर उभी राहू लागली. या रंगमंचावर गळ्याच्या तयारीपेक्षा काही मिनिटांत प्रेक्षकाला पकडण्याचे कसब महत्त्वाचे असे. १९२८ मध्ये बँडप्रमुख पॉल अ‍ॅश याच्या कार्यक्रमात तिला टाइम्स स्क्वेअरच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये गाण्याची संधी मिळाली. तेथे एका गाण्याच्या ओळींमध्ये तिने ‘बूप-बूप-अ-डूप’ असे निरर्थक बोल पेरले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘गुड बॉय’ या ब्रॉडवेवरील संगीतिकेत तिने ‘आय वाना बी लव्ह्ड बाय यू’ हे गाणे गायले आणि लगोलग व्हिक्टर कंपनीने त्याची तबकडी काढली. १९२८ ते १९३० या काळात व्हिक्टरसाठी तिने एकूण २२ गाणी ध्वनिमुद्रित केली.

असा आवाज पाच वर्षांपूर्वी तबकडीवर उतरलाच नसता. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे; गायकाने कर्ण्यात जोरकस आवाज टाकायचा, त्याच्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. पल्लेदार, खणखणीत गळ्यांचा तो काळ होता, आणि आपल्याकडच्या सुरुवातीच्या ग्रामोफोन गायकांनाही हेच बंधन सोसावे लागले. वेस्टर्न इलेक्ट्रिकने विकसित केलेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी स्वीकारली, तेव्हा मायक्रोफोनमुळे कुजबूज, उसासा, दबलेले हसू हे सारे तबकडीवर येऊ लागले. केनचा बारीक, पोरकट आणि मुद्दाम थोडा नाकात धरलेला आवाज या यंत्राशिवाय वाद्यवृंदाखाली गडप झाला असता.

‘आय वाना बी लव्ह्ड बाय यू’ची मूळ तबकडी लक्ष देऊन ऐकली तर तिची कारागिरी उघड होते. चाल साधी आहे आणि शब्द त्याहून साधे. केन ब्राँक्सच्या उच्चारांना लपवत नाही, उलट त्यांच्यावर भर देते. ओळीचा शेवट किंचित ओढते, आणि श्रोता पुढच्या शब्दाची वाट पाहत असतानाच तेथे ‘बूप’चा ठिपका ठेवते. हे ठिपके ठेक्यात अचूक बसतात. लहान मुलीचा आवाज आणि जाणत्या बाईचा इरादा यांच्यातील विसंगती हा तिच्या विनोदाचा गाभा आहे, आणि तो चिमटीने मीठ घालावे तसा बेताने वापरला आहे. अशा गाण्यांना तेव्हा ‘नॉव्हेल्टी’ म्हणत, म्हणजे गंमतीखातर ऐकायची चीज. या शिक्क्यामुळेच पुढे गंभीर संगीतसमीक्षेने तिच्याकडे पाहिले नाही. मला ही उपेक्षा अन्यायाची वाटते. हसवण्यासाठी गाताना तालाची शिस्त थोडीही ढिली पडून चालत नाही.

पुढची दोन वर्षे तिच्या नावाचा बोलबाला होता. तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुलींच्या स्पर्धा झाल्या, बाहुल्या निघाल्या, आणि पॅरामाउंटने १९२९ मध्ये ‘स्वीटी’सारख्या बोलपटांत तिला घेतले. नंतर मंदी आली. अमेरिकेत १९२७ मध्ये सुमारे १० कोटींच्या घरात असलेला तबकड्यांचा खप १९३२ पर्यंत ६० लाखांवर घसरल्याचे सांगितले जाते. १९२० च्या दशकातील उच्छृंखल, आखूड केसांच्या तरुणीची प्रतिमा या नव्या काळात विसंगत वाटू लागली आणि केनची मागणी झपाट्याने ओसरली.

तिची ढब मात्र दुसऱ्यांकडे भरभराटीला आली. ऑगस्ट १९३० मध्ये फ्लायशर स्टुडिओच्या ‘डिझी डिशेस’ या व्यंगपटात लांब कानांची, अर्धवट कुत्र्यासारखी एक गायिका अवतरली. तीच पुढे माणूस होऊन बेटी बूप झाली. तिला आवाज देणाऱ्यांपैकी मे क्वेस्टेल ही केनसारखे दिसण्या-गाण्याच्या स्पर्धेतूनच पुढे आली होती. १९३२ मध्ये केनने मॅक्स फ्लायशर आणि पॅरामाउंट यांच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्युरीविना सुनावणी झाली. ‘बूप’ नेमके कोणाचे, यावर न्यायालयात गंभीर चेहऱ्याने साक्षी नोंदवल्या जात होत्या, आणि वृत्तपत्रांना त्यातून भरपूर खाद्य मिळाले. न्यायमूर्ती एडवर्ड मॅकगोल्ड्रिक यांनी दावा पुरेशा पुराव्याअभावी फेटाळला.

या खटल्यातील एक साक्ष आज केनच्या गाण्यांइतकीच चर्चेत आहे. लू बोल्टन या व्यवस्थापकाने सांगितले की, ‘बेबी एस्थर’ या नावाने रंगमंचावर येणारी एस्थर जोन्स ही कृष्णवर्णीय बालकलाकार असे निरर्थक बोल गात असे, आणि केनने तिचा कार्यक्रम १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाहिला होता. निरर्थक अक्षरांचे गायन हे कृष्णवर्णीय संगीतपरंपरेचे देणे आहे, यात वाद नाही. लुई आर्मस्ट्राँगची ‘हीबी जीबीज’ ही तबकडी १९२६ मधली आहे. परंतु अलीकडे समाजमाध्यमांवर ‘खरी बेटी बूप’ म्हणून एस्थरची जी कथा फिरते, ती साक्षीत आहे त्याहून बरेच काही जोडून सांगितली जाते, आणि तिच्याबरोबर दिसणारे तरुणीचे छायाचित्रही प्रत्यक्षात एकविसाव्या शतकातील एका मॉडेलचे आहे. एस्थरच्या गाण्याची तबकडी उपलब्ध नाही. त्यामुळे केनने तिच्याकडून नेमके किती घेतले, हे दोन्ही आवाज शेजारी ठेवून तपासण्याचा मार्गच राहिलेला नाही. कोणापुढे मायक्रोफोन ठेवायचा हे ठरवणाऱ्या कंपन्यांचे पक्षपात अशा रीतीने संशोधनापर्यंत पोहोचतात.

केनचे पुनरागमन तुकड्यातुकड्यांनी झाले. १९५० च्या ‘थ्री लिट्ल वर्ड्स’ या चित्रपटात डेबी रेनॉल्ड्सने तिची भूमिका केली आणि गाण्याचा आवाज स्वतः केननेच दिला. १९५९ मध्ये ‘सम लाइक इट हॉट’मध्ये मन्रोने तेच गाणे गायले आणि बहुसंख्यांच्या मनात ते कायमचे तिचे झाले. २६ सप्टेंबर १९६६ रोजी केनचे निधन झाले. १९८३ मध्ये सिंडी लॉपरने आपल्या पहिल्या अल्बममध्ये ‘ही इज सो अनयुज्वल’ हे केनचे गाणे मिनिटभरासाठी थेट तिच्या शैलीत गायले. अल्बमचे नावही त्यावरूनच बेतलेले होते.

याच काळातील दुसऱ्या एका गायिकेच्या पुनर्शोधाचा धागा भारताशी जुळतो. अ‍ॅनेट हॅन्शॉ ही तबकडीच्या शेवटी खेळकरपणे ‘दॅट्स ऑल’ म्हणत असे. केनची लाट असताना तिने टोपणनावांनी केनच्या ढबीत गाणी ध्वनिमुद्रित केली होती, हे विशेष. नीना पेली यांनी २००८ च्या ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ या व्यंगपटात रामायणातील सीतेची व्यथा हॅन्शॉच्या मूळ तबकड्यांतून मांडली. त्या ध्वनिमुद्रणांपेक्षा गाण्यांच्या रचनांवरील हक्कांनी पेली यांना अधिक छळले. चित्रपट लोकांपर्यंत पोहोचला आणि हॅन्शॉला नवे श्रोते मिळाले. त्यांच्यातील काही जण केनपर्यंतही आले असतील.

केनची गाणी आज ऐकताना कोणत्या प्रतीवरून ऐकतो, याला महत्त्व आहे. या तबकड्या मुख्यतः भारतातून जाणाऱ्या लाखेच्या मिश्रणाच्या, ठिसूळ आणि एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावणाऱ्या. पोलादी सुयांनी त्या झिजलेल्या असतात आणि त्यांच्या रुंद खाचेला लाँग प्ले तबकडीची बारीक सुई चालत नाही. फिरण्याचा वेग थोडा जरी वाढला तरी सूर चढतो, आणि केनचा मुळातच बारीक आवाज व्यंगपटातला वाटू लागतो. इंटरनेटवरील कित्येक प्रतींत हा दोष आहे. तिच्या आवाजाबद्दल प्रतिकूल मत होण्याआधी दोन-तीन प्रती ताडून पाहाव्यात.

कायद्याच्या दृष्टीने स्थिती विचित्र आहे. अमेरिकेत १९२८ मध्ये प्रकाशित गाण्यांचे शब्द व चाली १ जानेवारी २०२४ पासून मुक्त झाल्या. ‘डिझी डिशेस’सह १९३० मधील व्यंगपटांची मुदत २०२५ अखेर संपली. परंतु २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ या काळातील ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे संरक्षण दिल्यामुळे केनची १९२८ मधील तबकडी तेथे १ जानेवारी २०२९ ला मुक्त होईल, आणि १९३० मधील शेवटच्या तबकड्या २०३१ मध्ये. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षांची असल्याने येथील श्रोत्याला इतके थांबण्याचे कारण नाही.