उणे ३०: ल्यूटन टाउनच्या २००८-०९ मोसमाची पार्श्वभूमी

२००८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या लीग टू या चौथ्या श्रेणीचा मोसम सुरू झाला, तेव्हा गुणतक्त्यात ल्यूटन टाउनच्या नावापुढे उणे ३० हा आकडा होता. एकही सामना खेळण्याआधी इतके गुण गमावण्याची पाळी इंग्लिश लीगमधील कोणत्याही क्लबवर तोपर्यंत आली नव्हती. त्याच श्रेणीत बोर्नमथ आणि रॉदरहॅम युनायटेड हे दोन क्लब उणे १७ वरून सुरुवात करत होते, यावरून त्या काळात लहान क्लबांची आर्थिक अवस्था काय होती याची कल्पना येते. तरी ल्यूटनची शिक्षा त्यांच्याहूनही जवळजवळ दुपटीने मोठी होती. ती इतकी मोठी का झाली, हे समजण्यासाठी त्या मोसमाच्या बरेच मागे जावे लागते.

ल्यूटन हे लंडनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर वसलेले उद्योगी गाव. गव्हाच्या काडापासून हॅट बनवण्याचा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालला, म्हणून क्लबचे टोपणनाव ‘हॅटर्स’ पडले. क्लबची स्थापना १८८५ ची आणि केनिलवर्थ रोड हे मैदान १९०५ पासूनचे. बरी पार्क या दाट वस्तीच्या भागात, जेथे आज दक्षिण आशियाई कुटुंबांची मोठी संख्या आहे, हे मैदान इतके अडकून बसले आहे की ओक रोडच्या बाजूने येणाऱ्या पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना चक्क एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतून आत शिरावे लागते. फाटकातून आत गेल्यावर जो जिना लागतो, तो लोकांच्या परसांवरून जातो. खाली दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. जेमतेम दहा हजार प्रेक्षक मावणाऱ्या या मैदानाच्या उत्पन्नाला मुळातच मर्यादा होती आणि नव्या मैदानाच्या योजना दशकानुदशके कागदावरच राहिल्या. क्लबच्या आर्थिक दुखण्याचे मूळ बरेचसे येथे आहे, असे मला वाटते.

तरीही क्लबने मोठे दिवस पाहिले. १९५९ मध्ये एफए कपची अंतिम फेरी आणि १९८८ मध्ये वेम्बलीवर आर्सेनलला ३-२ ने हरवून लीग कप, अशी ती कमाई होती. १९९२ मध्ये मात्र ल्यूटन पहिल्या श्रेणीतून खाली गेला, आणि त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीच्या पैशाचा ओघ वरच्या श्रेणीकडे वळला त्या नेमक्या वेळी हा क्लब दाराबाहेर पडला होता. पुढच्या वर्षांत तो १९९९, २००३ आणि २००७ असा तीनदा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. २००३ मध्ये जॉन गर्नी यांनी क्लबचा ताबा घेताच लोकप्रिय प्रशिक्षक जो किनेअर आणि त्यांचे सहकारी मिक हारफर्ड यांना काढून टाकले, तेव्हा समर्थकांनी मोसमाची तिकिटे विकत घेण्यास नकार देऊन आणि संघटित होऊन काही आठवड्यांतच त्यांना बाहेर घालवले. समर्थक संघटित झाले तर मालकालाही हटवू शकतात, हा धडा गावाला तेव्हाच मिळाला आणि तो पुढे कामी आला.

या शिक्षेचा पहिला धागा गुणकपातीच्या नियमाचा, आणि त्याचा इतिहास याच काळातला आहे. आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी सेवा २००२ मध्ये कोसळली, प्रक्षेपणाचे ठरलेले पैसे बुडाले आणि फुटबॉल लीगचे, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींचे, अनेक क्लब कर्जात रुतले. लीस्टर सिटी २००२-०३ च्या मोसमात प्रशासकाच्या, म्हणजे दिवाळखोर संस्थेचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेला, त्याची मोठी देणी माफ झाली, आणि तरीही त्याच मोसमात तो प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवून गेला. वेळच्या वेळी देणी फेडणाऱ्या इतर क्लबांना हा अन्याय वाटला, आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते. म्हणून २००४ मध्ये लीगने नियम केला की प्रशासक नेमावा लागलेल्या क्लबचे १० गुण कापले जातील. त्या वर्षाच्या अखेरीस रेक्सहॅमवर तो प्रथम लागू झाला. कर्ज बुडवून मैदानावर फायदा उठवू नये, एवढाच या नियमाचा हेतू होता.

दुसरा धागा करवसुलीचा आहे आणि ल्यूटनच्या बाबतीत तोच अधिक जाचक ठरला. इंग्लिश फुटबॉलमध्ये असा दंडक आहे की दिवाळखोर क्लबला लीगमध्ये राहायचे असेल तर खेळाडू आणि इतर क्लब या ‘फुटबॉल धनकों’ची देणी पूर्णपणे फेडली पाहिजेत. उरलेल्यांच्या, म्हणजे खाटीक, छापखानेवाले, रुग्णवाहिका पुरवणाऱ्या संस्था आणि सरकारचे करखाते यांच्या हाती मात्र पौंडामागे काही पेन्स पडतात. २००३ पर्यंत करखात्याला कायद्याने अग्रहक्क होता. तो काढून घेतल्यावर खात्याने अशा तडजोडींना विरोध करण्याचे धोरण धरले. धनकोंशी होणारी तडजोड मंजूर व्हायला मूल्याच्या हिशेबाने ७५ टक्के संमती लागते, त्यामुळे कराची थकबाकी मोठी असलेल्या क्लबची तडजोड करखाते एकट्याच्या बळावर अडवू शकत असे. तडजोडीविना प्रशासकाच्या ताब्यातून बाहेर पडणे म्हणजे लीगच्या नियमाचा भंग, आणि त्याला आणखी गुणकपात. ज्यांच्या हाती काहीच नव्हते अशा क्लबांची अशी दोन्हीकडून कोंडी झाली.

तिसरा धागा ल्यूटनचा स्वतःचा. २००४ मध्ये बिल टॉमलिन्स यांच्या गटाने क्लब घेतला आणि माइक न्यूएल यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २००४-०५ मध्ये ९८ गुणांसह लीग वन ही तिसरी श्रेणी जिंकली. जानेवारी २००६ मध्ये न्यूएल यांनी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत दलालांकडून दिल्या जाणाऱ्या लाचेबद्दल उघडपणे तोंड उघडले, आणि इंग्लिश फुटबॉलमध्ये खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी त्यांच्याच क्लबने दलालांना नियमबाह्य मार्गाने, मालक कंपनीमार्फत पैसे दिल्याचे समोर आले. टॉमलिन्स यांना पायउतार व्हावे लागले, आणि फुटबॉल असोसिएशन या इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेने नोव्हेंबर २००७ मध्ये क्लब व संबंधितांवर नियमभंगाचे ५५ आरोप ठेवले. त्याच महिन्यात क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि चालू मोसमातले १० गुण कापले गेले. चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीतून आदल्याच वर्षी खाली आलेला संघ लीग वनमध्येही तळाला राहिला.

२००८ च्या उन्हाळ्यात शिक्षांची बेरीज झाली. दलालांच्या प्रकरणासाठी असोसिएशनने १० गुण कापले आणि ५०,००० पौंड दंड केला. तडजोडीविना दिवाळखोरीतून बाहेर पडल्याबद्दल फुटबॉल लीगने २० गुण कापले. तोवर क्लब समर्थकांनीच उभ्या केलेल्या ‘ल्यूटन टाउन फुटबॉल क्लब २०२०’ या कंपनीकडे येत होता. दूरचित्रवाणी निवेदक आणि जन्मभराचे ल्यूटन समर्थक निक ओवेन हे तिचे अध्यक्ष होते आणि कारभार गॅरी स्वीट पाहत होते. मोसम तोंडावर आलेला असताना, लीगमधील सदस्यत्व हवे असेल तर कपात मान्य करण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. दलालांना पैसे देणारे आणि कर थकवणारे केव्हाच निघून गेले होते. शिक्षा क्लब या संस्थेला होती, हे लीगचे म्हणणे कागदावर बरोबर असेल. पण ती भोगली मात्र क्लब सावरायला पुढे आलेल्यांनी, आणि हा अन्याय होता असे मी आजही मानतो.

प्रशिक्षक होते मिक हारफर्ड, २००३ मध्ये काढले गेलेलेच; १९८८ च्या लीग कप विजेत्या संघाचे ते आघाडीपटू. हाती उरलेल्या मोजक्या खेळाडूंना तरुण आणि उसन्या खेळाडूंची जोड देऊन त्यांनी संघ उभा केला. ४६ सामन्यांत १३ विजय, १७ बरोबऱ्या आणि १६ पराभव, म्हणजे ५६ गुण ही त्या संघाची खरी कमाई. खालून तिसऱ्या, म्हणजे सुरक्षित राहिलेल्या ग्रिम्सबी टाउनचे ४१ गुण होते. मैदानावरच्या खेळाने ल्यूटन आरामात टिकला असता. पण १३ पैकी १० विजयांचे गुण शून्यापर्यंत पोहोचण्यातच खर्ची पडले आणि तक्त्यात शेवटी २६ उरले. एप्रिलमधल्या ईस्टरच्या सोमवारी चेस्टरफील्डशी घरच्या मैदानावर बरोबरी झाली आणि १९२० पासून सलग लीगमध्ये असलेला क्लब पाचव्या श्रेणीत गेला. सलग तीन मोसमांतली ही तिसरी घसरण होती.

याच मोसमात एक वेगळी वाटही चालू होती. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या क्लबांसाठी असलेल्या फुटबॉल लीग ट्रॉफीत गुणकपात लागू नव्हती, आणि ल्यूटन ब्रायटनला पेनल्टींवर मागे टाकून वेम्बलीपर्यंत गेला. ५ एप्रिल २००९ रोजी ५५,३७८ प्रेक्षकांपैकी सुमारे चाळीस हजार ल्यूटनचे होते, म्हणजे घरच्या मैदानात मावतील त्याच्या चौपट. एक श्रेणी वर असलेल्या स्कन्थॉर्प युनायटेडने आधी आघाडी घेतली. ख्रिस मार्टिन आणि टॉम क्रॅडॉक यांच्या गोलांनी ल्यूटन पुढे गेला. ८८ व्या मिनिटाला ग्रँट मक्कॅनने पुन्हा बरोबरी साधली. जादा वेळेत क्लॉड ग्नाक्पाने चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात टाकला आणि सामना ३-२ असा संपला. लीगचे अध्यक्ष लॉर्ड मॉव्हिनी यांची ल्यूटनच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्यामागे तो अख्खा उन्हाळा होता. आणि लीगबाहेर गेल्यामुळे पुढच्या वर्षी ही ट्रॉफी राखण्यासाठी खेळण्याची मुभाही विजेत्यांना नव्हती.

पाचव्या श्रेणीत क्लब पाच मोसम अडकला. २०११ मध्ये एएफसी विम्बल्डनविरुद्ध पेनल्टींवर आणि २०१२ मध्ये यॉर्क सिटीविरुद्ध बढतीचे अंतिम सामने गेले; २०१४ मध्ये जॉन स्टिल यांच्या संघाने १०१ गुणांसह श्रेणी जिंकली. पुढे २०१८, २०१९ आणि मे २०२३ मध्ये कॉव्हेन्ट्रीविरुद्ध पेनल्टींवर मिळवलेली बढती, अशा पायऱ्या चढत तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पाचव्या श्रेणीत संघात आलेला पेली-रडॉक एम्पान्झू या सर्व पायऱ्या त्याच क्लबच्या गणवेशात चढला. प्रीमियर लीगमध्ये ल्यूटन एकच मोसम टिकला, तरी गॅरी स्वीट यांच्या हाती कारभार गेल्यापासून क्लब पुन्हा दिवाळखोरीच्या दारी गेला नाही.

नियम मात्र बदलले. २०१५ पासून प्रशासक नेमल्यास १२ गुण कापले जातात, आणि क्लब विकताना इतर धनकोंना पौंडामागे किमान २५ पेन्स, किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स मिळाले नाहीत तर आणखी १५ गुण. करखात्याला काही करांपुरता अग्रहक्क डिसेंबर २०२० मध्ये परत मिळाला. मालकांची पात्रता तपासण्याचे आणि क्लबांना परवाने देण्याचे अधिकार आता २०२५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र नियामकाकडे दिले आहेत, जे २००४ मध्ये कोणाकडेही पुरेसे नव्हते.