दिंडी दरवाजा आणि कलणारी जमीन

कोयना परिसरात एखादा सौम्य धक्का बसला, की पुण्यातल्या मोबाइलवर 'आज मध्यरात्री मोठा भूकंप' असे निरोप फिरू लागतात आणि त्यांना ग्रहांच्या युतीचा आधारही जोडलेला असतो. भूकंपाची वेळ आगाऊ सांगण्याची रीत आज कोणाकडेही नाही. दोन भूकंपांच्या मधल्या काळात जमीन किती सरकते आणि किती कलते, एवढे मात्र मोजता येते.

सरकणे मोजायला जीपीएस आहे. त्याच्या नोंदींनुसार आपले पुणे भारतीय भूपट्टासह वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे जाते. कल मोजणे याहून नाजूक काम आहे. एक किलोमीटर लांबीची फळी एका टोकाला जेमतेम 1 मिलिमीटर उचलली, तर होणारा कल म्हणजे एक मायक्रोरेडियन, आणि कलमापकाला याहूनही सूक्ष्म फरक टिपायचे असतात.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा सोडून दिला, की आपोआप फिरून ठरावीक जागी थांबत असे. त्याच्या बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यात नव्हती, त्यामुळे दार आपल्या सर्वांत खालच्या जागी जाऊन विसावत असे. आता ही रेषा मीटरभर उंचीला फक्त 1 मिलिमीटर पुढे झुकलेली आहे असे समजू. चौकट बाजूला एक मायक्रोरेडियन कलली, तर दाराची विसाव्याची जागा त्याच्या हजारपट कोनातून फिरते आणि मीटरभर रुंद दाराची कड 1 मिलिमीटर सरकते, जे नुसत्या डोळ्यांनाही दिसावे. रेषा ओळंब्याच्या जितकी जवळ, तितके हे गुणन मोठे. मात्र ती अगदी ओळंब्यात आली, तर दार कुठेही थांबेल आणि मापन संपेल. कल मोजणाऱ्या आडव्या लंबकाचे, म्हणजे दारासारख्या आडव्या फिरणाऱ्या दांडीचे, तत्त्व ते हेच. बिजागरी घर्षणाने अडते, म्हणून उपकरणात दांडी बारीक तारांवर टांगतात.

आमचे दार पावसाळ्यात फुगून अडकायचे. कलमापकालाही ऊन, पाऊस आणि भूजल छळतात, म्हणून तो बोगद्यात किंवा खोल विंधनविवरात बसवतात. तिथेही चंद्र-सूर्याच्या ओढीने घन जमिनीला येणारी भरती-ओहोटी नोंदीत उमटतेच. धरणाजवळ पाण्याच्या वजनाचाही हिशेब करावा लागतो, कारण सुमारे 105 टीएमसीचे कोयना धरण भरले, की जवळपास 300 कोटी टन पाणी खडकावर बसते. हे सारे परिणाम वजा केल्यावरच उरलेल्या कलाचा संबंध खडकात साठणाऱ्या ताणाशी जोडून पाहता येतो.